आय-७५१: दोन वर्षांचं ग्रीन कार्ड कायमचं करून घेताना

लग्न करून अमेरिकेला गेलेल्या लेकीच्या कार्डावर दोनच वर्षांची मुदत आहे हे कळलं की पुसद-दर्यापूरकडच्या घरात विचारणा सुरू होते: मग व्हिसा वाढवायचा कधी? पहिली गफलत इथेच होते. हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, आणि नुसतं मागून ते वाढवूनही मिळत नाही. खोट्या लग्नांना आळा बसावा म्हणून अमेरिकेने १९८६ साली कायदा केला. तेव्हापासून नियम असा आहे की कायम रहिवासी म्हणून दाखल होण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर मिळणारा दर्जा सशर्त असतो. ती अट काढून टाकण्याचा अर्ज म्हणजे आय-७५१. दहा वर्षांचं कार्ड नवं करून घ्यायचा अर्ज आय-९० वेगळा आहे. मुदत संपत आली म्हणून सशर्त कार्डवाल्याने तो भरला तर पैसे जातात, आणि पैशापेक्षा मोलाचे दिवस जातात.

सशर्त म्हणजे कमी हक्काचं, असं मात्र नाही. नोकरी, धंदा, शिक्षण, ये-जा, सगळं दहा वर्षांच्या कार्डासारखंच चालतं. फरक एकच: दोन वर्षांच्या आत आय-७५१ गेला नाही तर दर्जा आपोआप संपतो आणि प्रकरण इमिग्रेशन कोर्टाच्या वाटेला लागतं.

या अर्जात तपासलं जातं ते लग्न नव्हे, संसार. लग्न लागलं की नाही हे व्हिसाच्या वेळी मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात पाहून झालेलं आहे. साखरपुडा, हळद, मंगल कार्यालयातल्या पंगती, चारशे फोटोंचा अल्बम यांचं काम तिथे संपलं. आता अधिकाऱ्याला बघायचं आहे की कार्ड मिळालं त्या दिवसापासून अर्जाच्या दिवसापर्यंत हे दोघं एका छताखाली, एका खर्चात राहिले का. आपल्याकडच्या अर्जांत सगळ्यात जास्त कमतरता याच काळाच्या पुराव्याची असते.

अजून विमानात बसले नसाल तर

कार्डावर वर्ग लिहिलेला असतो. सीआर१ किंवा सीआर६ म्हणजे सशर्त. आयआर१ किंवा आयआर६ म्हणजे थेट दहा वर्षांचं. हा वर्ग व्हिसा मिळाल्याच्या दिवसावर ठरत नाही, अमेरिकेत पाय ठेवल्याच्या दिवसावर ठरतो. इमिग्रंट व्हिसाला साधारण सहा महिन्यांची मुदत असते. लग्नाचा दुसरा वाढदिवस त्या मुदतीत येत असेल तर तो उलटू द्या आणि मग निघा. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाचा दाखला दाखवून दोन वर्षं पूर्ण झाल्याचं सांगा आणि आयआर१ म्हणून दाखल करून घ्यायला सांगा. तीन आठवडे उशिरा गेल्याने पुढचा सगळा आय-७५१ टळतो, ७५० डॉलर फीसुद्धा. मुहूर्त पाहून निघणारी माणसं ही तारीख पाहत नाहीत, याचं नवल वाटतं.

तारीख वाचताना

कार्डावरची तारीख अमेरिकी पद्धतीने छापलेली असते, आधी महिना, मग दिवस. ०६/०७/२७ असं दिसलं तर आपला माणूस ६ जुलै वाचतो. खरी तारीख ७ जून २०२७. अर्ज कार्ड संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत पोचला पाहिजे. तीन महिने आणि ९० दिवस एक नव्हेत. ७ जूनच्या मागे ९० दिवस मोजले की ९ मार्च येतो. त्याआधी पोचलेला अर्ज परत येतो. ६ जुलै समजून चालणारा माणूस ७ एप्रिलला जागा होतो, आणि जूनच्या शेवटी अर्ज पाठवला तर तीन आठवडे उशीर झालेला असतो. यूएससीआयएस या अमेरिकेच्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर तारीख मोजून देणारं साधन आहे, त्यात मुदतीची तारीख टाकून खात्री करा आणि तो दिवस दोघांच्याही फोनमध्ये लावून ठेवा. लिफाफा ९० दिवसांची खिडकी उघडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोचेल असा पाठवावा. काही चूक निघून अर्ज परत आला तर पुन्हा पाठवायला वेळ उरतो.

उशीर झालाच तर अर्जासोबत कारणाचं पत्र आणि कारणाचा पुरावा जोडावा लागतो. दवाखान्यात भरती होतो, घरात मयत झाली, अशी कारणं कागदासह मांडली तर विचार होतो. "आम्हाला माहीत नव्हतं" याला फारसा आधार नाही.

पुरावा पहिल्या महिन्यापासून

अर्जाच्या वेळी पुरावा गोळा करायला बसू नये. संसार मांडतानाच तो तयार होत जातो. अडचण अशी की गावाकडून गेलेल्या मुलीचं नाव पहिल्या वर्षात कशावरच नसतं. घरभाड्याचा करार नवऱ्याचा, तो लग्नाआधीच केलेला. गाडी त्याची, विजेचं बिल त्याचं, बँक खातं त्याचं. ती घरात राहते हे सगळ्यांना दिसतं, पण कागदाला दिसत नाही. मुलगा सोयरिकीतून तिकडे गेला असेल आणि बायको नागरिक असेल, तर हीच गत त्याची होते.

म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर हातात आला की त्याच महिन्यात या गोष्टी करा. भाडेकरारात दोघांची नावं घाला. करार मध्येच बदलत नसेल तर घरमालकाकडून सहीचं पत्र घ्या की अमुक तारखेपासून हे दोघं इथे राहतात. संयुक्त बँक खातं उघडा आणि ते वापरा. पगार त्यात येतो, भाडं त्यातून जातं, किराणा, पेट्रोल, इंटरनेट त्यातून भरलं जातं, असं खातं बोलतं. अर्जाच्या आधीच्या महिन्यात शंभर डॉलर टाकून उघडलेलं खातं पुराव्यापेक्षा संशय जास्त देतं. गाडीच्या विम्यात दोघं चालक म्हणून लिहा. नोकरीच्या आरोग्य विम्यात जोडीदार दाखवा. निवृत्ती खात्यात आणि जीवन विम्यात वारस म्हणून जोडीदाराचं नाव घाला. वीज, गॅस, इंटरनेटपैकी एखादं बिल दुसऱ्याच्या नावावर घ्या. दोघांच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर पत्ता एकच असू द्या.

यात वजनाला सगळ्यात भारी काय, तर मूल झालं असेल तर त्याचा जन्मदाखला, त्यानंतर एकत्र भरलेला आयकर, मग घर आणि खातं. आयकर विवरण "विवाहित, एकत्र" या वर्गात भरलेलं असावं. दोघांनी वेगवेगळं भरलं तर ते गैर नाही, पण त्याचं कारण पत्रात लिहा. लग्न झालेलं असताना नवऱ्याने "अविवाहित" म्हणून विवरण भरलं असेल तर ते खोटं विधान आहे. अर्जाआधी सुधारित विवरण भरून घ्या. विवरणाच्या झेरॉक्सपेक्षा आयआरएसकडून, म्हणजे तिथल्या आयकर खात्याकडून, मोफत मिळणारा ट्रान्सक्रिप्ट (नोंदीचा उतारा) जोडलेला बरा, कारण तो सरकारी नोंदीतूनच येतो.

बँकेची सगळी पानं पाठवायची गरज नाही. दर तीन महिन्यांतून एका महिन्याचं विवरण पुरतं, पण पहिल्या महिन्यापासून शेवटच्यापर्यंत अंतर समान ठेवा. दोन वर्षांचा धागा सलग दिसला पाहिजे. एका वर्षाचा ढीग आणि दुसऱ्या वर्षाची पोकळी असेल तर अधिकारी त्या पोकळीचाच प्रश्न विचारतो. फोटो पंधरा-वीस पुरेत. एका पानावर चार छापा आणि प्रत्येकाखाली तारीख, जागा, सोबतची माणसं लिहा. दोघांच्याच सेल्फींपेक्षा सासू-सासरे, शेजारी, पोळ्याला गावी आलेले दोघं, अशा फोटोंना किंमत जास्त.

नोकरीमुळे दोघं काही काळ वेगळ्या राज्यांत राहिले असतील तर लपवू नका. कारण, तारखा, येण्या-जाण्याची तिकिटं, दोन्ही घरांचं भाडं कोण भरत होतं, हे एका पानात मांडा. अधिकाऱ्याला ते नंतर स्वतः सापडलं तर त्याचा अर्थ वेगळा लागतो.

गावाकडचे कागद: कोणते चालतात, कोणते नाही

इकडच्या आईवडिलांना वाटतं, आपणही काहीतरी पाठवावं. मग सातबारा, आठ-अ, तलाठ्याचा दाखला, सरपंचाच्या लेटरहेडवर "हे दोघे सुखाने नांदत आहेत" असं पत्र निघतं. सातबारावर सासऱ्यांचं नाव असेल तर त्याने या दोघांच्या संसाराबद्दल काहीच सिद्ध होत नाही. "मग वावर दोघांच्या नावावर करून टाकू" असंही कोणी सुचवतं. ते करूच नका. परदेशी नागरिकाला किंवा ओसीआय कार्डधारकाला (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला) भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही, फक्त वारसाने येते. पुराव्याच्या नादात नवीच भानगड उभी राहते. सरपंचाच्या पत्राचीही गत तीच. सरपंच अमेरिकेतल्या घरात गेलेला नाही हे अधिकाऱ्याला कळतं.

इकडचे कागद चालतात ते असे: लग्नानंतर एलआयसीच्या पॉलिसीत नॉमिनी म्हणून जोडीदाराचं नाव घातलं असेल तर त्याची नोंद, दोघं मिळून गावी आले त्याची तिकिटं आणि पासपोर्टवरचे शिक्के, जावयाने किंवा सुनेने सासरच्या माणसाच्या दवाखान्यासाठी संयुक्त खात्यातून पाठवलेले पैसे. ग्रामपंचायतीतून काढलेला लग्नाचा दाखला, म्हणजे १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखालचा नमुना ई, व्हिसाच्या फाइलमध्ये गेलेला असतो. तरी त्याची एक प्रत लावावी.

साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं हा पूरक पुरावा आहे. त्यावर एकट्यावर अर्ज उभा राहत नाही. किमान दोन माणसं हवीत, आणि ती सशर्त दर्जा मिळाल्यापासून दोघांनाही ओळखणारी, प्रत्यक्ष पाहिलेलं सांगणारी हवीत. म्हणून पहिली पसंती तिकडच्या शेजाऱ्याला, सहकाऱ्याला, महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्यांना. इकडचे आईवडील व्हिजिटर व्हिसावर जाऊन मुलीकडे दोन महिने राहून आले असतील तर त्यांचा जबाब चांगलाच चालतो, सोबत त्यांच्या प्रवासाचा पुरावा लावला तर.

प्रतिज्ञापत्रात साक्षीदाराचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ, दोघांशी नातं आणि त्याला हे सगळं कसं माहीत, एवढं असलंच पाहिजे. "आदर्श जोडपं आहे" असली वाक्यं काढून टाका. "जानेवारी २०२६ मध्ये मी त्यांच्या घरी अकरा दिवस राहिलो. एका बेडरूममध्ये दोघं, दुसरीत आम्ही. सकाळी सून कामावर जाताना मुलगा तिला स्टेशनवर सोडायचा, भाड्याचा चेक दोघांच्या खात्यातून गेला तो मी पाहिला" हे वाक्य कामाचं.

जन्मस्थळ लिहिताना आपल्याकडची एक खोच लक्षात ठेवा. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून, गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून. त्याआधी जन्मलेल्या माणसाच्या एका कागदावर जुना जिल्हा, दुसऱ्यावर नवा असतो. पासपोर्ट असेल तर त्यावरचाच लिहा आणि सगळीकडे तोच ठेवा. वडगाव, पिंपळगाव नावाची गावं जागोजागी आहेत, म्हणून गाव, तालुका, जिल्हा तिन्ही लिहा. जुन्या माणसांची जन्मतारीख शाळेत मास्तरांनी लावलेली १ जून किंवा १ जुलै असते. ती खरी नसली तरी आधार-पासपोर्टवर तीच असेल, तर तीच लिहायची. तिथे खरेपणा दाखवायला जाऊ नये.

यासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही, तहसीलच्या आवारातल्या बाकड्यावर नोटरीच्या शिक्क्यासाठी रांग लावायची गरज नाही. शपथेवर केलेला जबाब चालतो, तसाच शपथेविनाही चालतो. त्यासाठी शेवटी एक ठरावीक इंग्रजी वाक्य लागतं, ज्याचा अर्थ असा की अमेरिकेच्या कायद्यानुसार खोटं बोलण्याच्या शिक्षेची जाणीव ठेवून मी हे खरं असल्याचं जाहीर करतो. भारतात सही होत असेल तर त्या वाक्यात "अमेरिकेच्या कायद्यानुसार" हे शब्द असलेच पाहिजेत. खाली सही, तारीख. मूळ कागद कुरिअरने पाठवा आणि मोबाइलवर स्कॅनही ठेवा. गावातून तालुक्याला, तिथून नागपूर किंवा अमरावतीला, मग तिकडे, एवढा प्रवास आहे. पावसाळ्यात वेळेची काटकसर करू नका, महिनाभर आधी निघू द्या.

मराठीतला प्रत्येक कागद पूर्ण इंग्रजी भाषांतरासह गेला पाहिजे, शिक्क्यातली अक्षरं आणि मागची बाजूसुद्धा. भाषांतर करणारा सरकारमान्य असायची अट नाही. त्याने खाली लिहून द्यायचं की मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण व अचूक आहे, आणि नाव, पत्ता, सही, तारीख. तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजचे इंग्रजीचे सर हे काम नीट करू शकतात. अर्जदाराने स्वतः किंवा जोडीदाराने करू नये. बंदी नसली तरी उगाच शंकेला जागा होते. व्हॉट्सॲपवरच्या वऱ्हाडी गप्पांची पन्नास पानं भाषांतरित करत बसू नका, दोन पानं पुरेत.

नावांचा घोळ हा स्वतंत्र विषय आहे. वानखडे-वानखेडे, ठाकरेचं वेगवेगळं इंग्रजी स्पेलिंग, लग्नानंतर बदललेलं मधलं नाव, काही घरांत लग्नात पहिलंच नाव बदललेलं. अर्जात "आधी वापरलेली इतर नावं" हा रकाना आहे. त्यात प्रत्येक रूप लिहा. नाव कायदेशीर बदललं असेल तर राजपत्राची प्रत लावा. कार्डावर ज्या नावाने नोंद आहे ती मुख्य नावात ठेवा.

अर्ज आणि लिफाफा

फॉर्म यूएससीआयएसच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवा. फॉर्मसाठी पैसे मागणारी संकेतस्थळं खात्याची नव्हेत. फॉर्मच्या तळाशी आवृत्तीची तारीख असते. सगळी पानं एकाच आवृत्तीची हवीत. दोघं एकत्र भरत असाल तर अर्ज कोणत्या कारणाने करता हे विचारणाऱ्या भागात संयुक्त अर्जाची खूण करा आणि दोघांच्या सह्या पेनाने करा. एक सही राहिली की अख्खा लिफाफा परत. मुलांनाही तुमच्यासोबत किंवा तुमच्यानंतर ९० दिवसांच्या आत सशर्त दर्जा मिळाला असेल तर त्यांची नावं याच अर्जात येतात. नाहीतर त्यांचा अर्ज वेगळा. पोलिसांनी कधी पकडलं असेल, गुन्हा मागे घेतलेला असला तरी, लिहा आणि कोर्टाची साक्षांकित कागदपत्रं जोडा.

फी ७५० डॉलर आहे, बोटांच्या ठशांचा खर्च त्यातच. पाठवायच्या आठवड्यात फीची यादी आणि पत्ता पुन्हा पाहून घ्या, दोन्ही बदलतात. चेक आणि मनीऑर्डर आता घेत नाहीत. कार्डाने भरायचं तर जी-१४५०, बँक खात्यातून भरायचं तर जी-१६५० हा फॉर्म वर ठेवायचा. कार्ड आणि खातं अमेरिकी बँकेचं हवं. वडिलांचं इकडचं कार्ड चालत नाही. कार्डाची मर्यादा अपुरी पडली किंवा बँकेने व्यवहार अडवला तर अर्जच परत येतो. म्हणून आधी बँकेला कळवून ठेवा.

कागद अमेरिकी लेटर आकाराचे, एकाच बाजूला छापलेले. आपला ए-फोर त्याहून उंच असतो, त्यामुळे झेरॉक्सवाल्याकडून थोडा लहान करून घ्या, नाहीतर खालच्या सह्या-शिक्के कापले जातात. पिना, प्लास्टिकची पाकिटं, बाइंडिंग नको. पानं स्कॅन होतात. क्रम असा बरा: फीचा फॉर्म, पत्र आणि यादी, आय-७५१, कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, मग मुलं, घर, कर, बँक, विमा, प्रवास, प्रतिज्ञापत्रं, फोटो. प्रत्येक पानावर नाव आणि ए-नंबर, म्हणजे कार्डावर छापलेला तुमचा इमिग्रेशन क्रमांक. मूळ दाखले पाठवू नका, प्रतिज्ञापत्रं सोडून. शंभर-दीडशे पानांत चांगला अर्ज बसतो. चारशे पानांनी कोणी खूश होत नाही. पाठवण्याआधी अख्ख्या गठ्ठ्याचा स्कॅन ठेवा, दोन वर्षांनी मुलाखत निघाली तर आपण काय लिहिलं होतं ते बघायला.

पावती, प्रवास, माहेरचं बाळंतपण

अर्ज स्वीकारला की आय-७९७ नावाचं पावती-पत्र येतं. जानेवारी २०२३ पासून या पत्राने कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढवली जाते, कारण निकालाला दीड-दोन वर्षं सहज लागतात. संपलेलं कार्ड आणि हे मूळ पत्र मिळून पुरावा होतो: नोकरीवर, ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर, विमानतळावर. त्यामुळे जुनं कार्ड फेकू नका. पत्र हरवलं किंवा पोचलं नाही तर यूएससीआयएसच्या फोन सेवेवरून वेळ घेऊन पासपोर्टवर शिक्का मारून घेता येतो. पत्ता बदलला तर दहा दिवसांत एआर-११ या फॉर्मने कळवायचं. टपाल खातं सरकारी पत्रं नव्या घरी आपोआप पोचवेल यावर भरवसा ठेवू नये.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सातव्या महिन्यात येऊन बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर परत, म्हणजे सहा महिने सहज होतात, आणि घोटाळा नेमका इथे होतो. १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर परतताना नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखे प्रश्न होऊ शकतात, आणि नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सलग वास्तव्याला धक्का बसतो. वर्षाच्या वर गेलं आणि निघण्याआधी री-एंट्री परमिट (परत येण्याचा परवाना) घेतलं नसेल तर कार्ड परतायला चालत नाही. तिकीट काढतानाच दिवस मोजा आणि १८० च्या आत ठेवा.

त्यात ९० दिवसांची खिडकी याच काळात येत असेल तर अर्ज थांबवू नका. अर्ज करताना तुम्ही अमेरिकेत असलंच पाहिजे असं नाही. फॉर्मवर सही करून माहेरहून पाठवा, नवरा तिथून टाकेल. पण पावती-पत्र तिथल्या पत्त्यावर येतं. ते कुरिअरने वर्ध्याला किंवा चिखलीला पोचेपर्यंत परतीचं तिकीट धरू नका. मधे ठशांची तारीख लागली तर ती पुढे ढकलून घ्यायची, चुकवायची नाही.

बाळाचंही बघा. आईबापांपैकी एक अमेरिकी नागरिक असेल आणि त्याचं अमेरिकेतलं एकूण वास्तव्य पाच वर्षं, त्यातली दोन वय १४ नंतरची, असेल तर इकडे जन्मलेलं बाळ जन्मतः नागरिक ठरतं. त्याची नोंद मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात करून पासपोर्ट काढायचा. दोघंही ग्रीन कार्डवाले असतील तर आईच्या पहिल्याच परतीच्या प्रवासात, बाळ दोन वर्षांच्या आत असताना, ते व्हिसाशिवाय जाऊ शकतं. पहिला प्रवास बाळाला आजीकडे ठेवून केला तर ही सवलत जाते.

संसार मोडला असेल, किंवा घरात मार असेल

जोडीदाराची सही नसेल तरी आय-७५१ भरता येतो. घटस्फोट झाला, घरात मारहाण किंवा क्रूरता आहे, परत पाठवलं तर अतोनात हाल होतील, किंवा जोडीदाराचा मृत्यू झाला, या आधारांवर एकट्याने अर्ज करता येतो. घटस्फोट, छळ आणि हाल यांच्या अर्जाला ९० दिवसांची खिडकीही नाही, केव्हाही भरता येतो. लग्न खऱ्या मनाने केलं होतं हे दाखवणारा वर सांगितलेला पुरावा मात्र घटस्फोट, छळ आणि मृत्यू या आधारांवरही लागतो, फक्त संसार टिकला तेवढ्या काळाचा.

घटस्फोटाच्या आधारावर जायचं तर कोर्टाचा अंतिम हुकूम हवा. गावात पंचांपुढे स्टॅम्प पेपरवर केलेल्या फारकतीवर घटस्फोट म्हणून भरवसा ठेवू नये, तिच्यावर दहा जणांच्या सह्या असल्या तरी. हीच गोष्ट मागच्या लग्नाचीही. दोघांपैकी कुणाचं पहिलं लग्न फारकतीवर मोडलेलं असेल आणि कोर्टाचा हुकूम नसेल, तर अर्ज टाकण्याआधी वकिलाला दाखवा. कारण आताच्या लग्नाच्या वैधतेवरच बोट ठेवलं जाऊ शकतं. घटस्फोटाचा दावा चालू असताना एकट्याचा अर्ज टाकला तर खातं हुकूम मागवतं आणि त्याला साधारण ८७ दिवसांची मुदत देतं. भारतातल्या कोर्टात तेवढ्यात हुकूम निघणं अवघड असतं, हे गणित आधी करा.

"तुझं कार्ड रद्द करून टाकीन" ही धमकी फार चालते. नवरा कार्ड रद्द करू शकत नाही, तो अधिकार त्याला नाही. तो सही नाकारू शकतो, आणि त्यावर वरचा मार्ग आहे. छळाच्या आधारावर केलेल्या अर्जाची माहिती खातं नवऱ्याला देत नाही. पुरावा म्हणून पोलिसांची नोंद, कोर्टाचा संरक्षण आदेश, दवाखान्याचे कागद, जखमांचे तारखेसह फोटो, धमकीचे मेसेज भाषांतरासह. यातलं सगळंच हवं असं नाही. पासपोर्ट, कार्डाच्या दोन्ही बाजू, लग्नाचा दाखला यांचे फोटो पहिल्याच आठवड्यात आईच्या फोनवर पाठवून ठेवावेत. काही बिनसलेलं नसतानाच. अंगावर हात पडत असेल तर ९११, हा तिथला पोलिसांचा तातडीचा नंबर. नुसतं बोलायचं, मार्ग विचारायचा तर १-८००-७९९-७२३३ ही तिथली घरगुती हिंसाचाराची हेल्पलाइन चोवीस तास चालते आणि दुभाषा मिळतो. इकडच्या घरच्यांनी "सोडून ये" म्हणण्याआधी तिला तिथल्या वकिलाशी एकदा बोलू द्यावं. घाईने निघाली तर पुरावा तिथेच राहतो.

सल्ला कोणाचा, हेही इथेच सांगितलेलं बरं. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याचा परवाना असलेला वकील, किंवा तिथल्या न्याय विभागाने मान्यता दिलेला प्रतिनिधी. जिल्ह्याच्या ठिकाणी "ग्रीन कार्ड करून देतो" अशी पाटी लावलेला एजंट यापैकी कोणीच नसतो. सरळ, दोघांच्या सहीचा, पुरावा भरपूर असलेला अर्ज वकिलाशिवाय होतो. फारकती, अटक, वेगळं राहणं, छळ यातलं काही असेल तर होऊ नये.

पुढची पत्रं

पुरावा कमी वाटला तर खातं मागणीपत्र पाठवतं. उत्तराची तारीख त्यावर छापलेली असते. उत्तर एकदाच द्यायचं, सगळे कागद एकत्र. अर्धे आता, अर्धे मग, असं चालत नाही. पुष्कळ अर्ज मुलाखतीशिवाय मंजूर होतात. मुलाखत निघाली तर दोघांनी जायचं, मूळ दाखले आणि अर्जानंतरच्या काळाचा नवा पुरावा घेऊन. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा स्वतःच न्यायचा. नवऱ्याला दुभाषा करू नका. प्रश्न साधे असतात: भाडं किती, सकाळी आधी कोण उठतं, सासूची तब्येत कशी आहे. पाठांतर करून गेलेली जोडपी इथे अडखळतात. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणावं.

जोडीदार अमेरिकी नागरिक असेल, तीन वर्षं लग्नात एकत्र राहिलेले असाल आणि कायम रहिवासी होऊन तीन वर्षं भरत आली असतील, तर ९० दिवस आधी नागरिकत्वाचा एन-४०० टाकता येतो, आय-७५१ चा निकाल लागलेला नसला तरी. सशर्त काळही त्या तीन वर्षांत धरला जातो. अनेकदा दोन्ही प्रकरणं एकाच मुलाखतीत निघतात, म्हणून तिथे जाताना आय-७५१ चे कागदही सोबत असू द्या.

दहा वर्षांचं कार्ड टपालाने आलं की पाकीट फोडल्या फोडल्या नाव, जन्मतारीख आणि रहिवासी झाल्याची तारीख जुन्या कार्डाशी ताडून पाहा. रहिवासी झाल्याची तारीख पहिल्या प्रवेशाचीच असली पाहिजे, मंजुरीची नव्हे. चूक खात्याची असेल तर आय-९० ने, चुकीचं कार्ड जोडून, फी न भरता दुरुस्त करून मिळतं.